गडग्यावरची ताटली

रत्नागिरीच्या कोर्टात अनिल शिरधनकर वकील म्हणून एकदाच उभा राहिला आणि तेवढं त्याला जन्माला पुरलं. समोरच्या वकिलाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि अनिलचा घसा जो बंद झाला तो झालाच. बोलायचं सगळं पाठ होतं, पण तोंडातून एक शब्द फुटेना. शेवटी अशीलच बिचारा त्याला पाण्याचा पेला आणून देऊ लागला. त्या दिवशी अनिलने काळा कोट खुंटीला लावला आणि कागदपत्रांचं काम धरलं.

कागदांना घसा लागत नाही. कोर्टामागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्याची एक खोली आहे. बोटीवर जाणाऱ्या पोरांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न, मिरजोळ्यात कॅनिंगचं युनिट टाकणाऱ्यांची नोंदणी, आखातात निघालेल्यांचे करारनामे आणि अलीकडे सगळ्यात जास्त म्हणजे पोरांकडे परदेशी जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिसा, हे सगळं तिथे चालतं. बोटीवरच्या पोरांची समजूत अशी की समुद्रात मिळवलेला पैसा सरकारला दिसत नाही. कॅनिंगवाल्यांना वाटतं जीएसटी म्हणजे मोहरावरचा तुडतुडा, एक फवारणी मारली की जातो. अनिल सगळ्यांचं ऐकून घेतो आणि मग हळूच खरं काय ते सांगतो. त्यामुळे लोक थोडे नाराज होऊनच जिना उतरतात, पण पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच येतात.

त्याच्या दोन खोडी साऱ्या गावाला ठाऊक आहेत. पहिली म्हणजे सहीच्या वर जे लिहिलेलं असेल ते खरंच असलं पाहिजे. यात त्याने कोणाची भीड ठेवली नाही, सख्ख्या मामाचीही नाही. पाठीमागे लोक त्याला 'खरे वकील' म्हणून हसतात. दुसरी खोड व्हिसाची. कोणी म्हातारं माणूस समोर आलं की तो सोबतच्या मुलाला किंवा जावयाला बाहेरच्या बाकावर बसवतो, दार लोटून घेतो आणि विचारतो, "आजी, तुम्हाला जायचंय, की तुम्हाला पाठवतायत?"

पुष्कळ जणी तिथेच रडायला लागतात. काही म्हणतात, जायचंय बाबा, नातू बघायचाय. काही नुसत्या पदराचं टोक पिळत बसतात, आणि मग अनिल फाईल मिटून मुलाच्या हातात देतो. मुलं तोंडाला येईल ते बोलतात. तो ऐकून घेतो. हा एक प्रश्न विचारण्यापुरता त्याचा घसा कधीच बंद पडला नव्हता.

राहायला तो मुरुगवाड्यात, एकटा. लग्न राहूनच गेलं. आधी वडलांचं आजारपण, मग आईचं, आणि मग वयच निघून गेलं. मुलगी बघायला गेला तरी त्याचा घसा बसायचा, असं मित्र सांगतात. त्यात थोडं खरंही असावं. माणूस वाईट नाही, कुढाही नाही, पण संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरला की ट्यूबलाइट लागेपर्यंतचा तो जो क्षण असतो, तो त्याला अजून सोसत नाही. म्हणून दार उघडायच्या आधी तो शेजारच्या आवाठात, घराभोवतीच्या अंगणात, डोकावायचा.

शेजारी सगुणाकाकी भाटकर. तिचा नवरा बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बाबू विलायतेत एका इस्पितळात यंत्रं सांभाळतो, बायकोमुलांसह तिकडेच स्थायिक झालेला. दोन घरांच्या मधे जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. एके ठिकाणी जाऊनयेऊन त्याचे वरचे दगड ढासळले होते आणि ते कोणी परत रचले नव्हते, कारण वाट तिथूनच होती.

अनिलची आई गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याच्या घरात चूल पेटली नाही. काकीने गडग्यावर झाकलेली ताटली ठेवली. सुतक संपलं, चूल पेटली, तरी ताटली काही थांबली नाही. कधी कुळथाची पिठी आणि भात, कधी तिसऱ्यांचं एकशिपी, श्रावणात काळ्या वाटाण्याची उसळ. आणि ताटली रिकामी परत द्यायची नसते, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. मग अनिल तिच्यात आपल्या झाडाची लिंबं ठेवायचा, जास्वंदीची फुलं ठेवायचा. एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा त्याने ऑफिसचं नवंकोरं बॉलपेन ठेवलं. काकी महिनाभर त्या पेनाने गॅसच्या टाक्यांचे नंबर लिहीत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. तिच्या पोटात काही राहायचं नाही. मुरुगवाड्यात सकाळी घडलेलं दुपारी सगळ्यांना कळे, ते तिच्यामुळे.

गेल्या भाद्रपदात, गणपती पोचवून झाल्यावर, काकी न्हाणीत घसरली. अनिल ऑफिसात होता. संध्याकाळी गडग्यावर ताटली दिसली नाही म्हणून तो पलीकडे गेला, तर बाई ओल्या फरशीवर आडवी. सकाळपासून पडलेली. ओरडून ओरडून आवाज बसलेला, तरी त्याला बघून म्हणाली, "आज पिठी करायची राहून गेली रे."

खुब्याचं ऑपरेशन झालं. बाबू आला, रजा संपली, डोळे पुसत परत गेला. काकी वॉकर धरून चालू लागली, पण न्हाणं, पाणी तापवणं, भांडी उचलणं, काही म्हटल्या काही तिच्याने होईना. बाई कुठे मिळेना. हाताला काम असलेल्या बायका कॅनिंगला जातात, दुसऱ्याच्या म्हातारीचं कोण करणार? मग अनिल करू लागला. सकाळी काकीला न्हाणीत स्टुलावर बसवायचं, गरम पाण्याची बादली जवळ सरकवायची आणि दार लोटून पाठ करून बाहेर उभं राहायचं. गोळ्या, दवाखाना, पायाला तेल. ऑफिसात जायला उशीर होई. तरी खरं सांगायचं तर त्या महिन्यांइतका तो आयुष्यात कधी सुखी नव्हता. कोणीतरी त्याची वाट बघत होतं.

मग बाबूचा फोन आला. "दादा, आईला कायमचं इकडे आणतो. इथला वकील केलाय. तिकडचे कागद तू बघ. तुझ्यासारखा माणूस दुसरा नाही."

अशा व्हिसाची वाट फार अरुंद असते, हे अनिलला माहीत होतं. आईचं रोजचं न्हाणंजेवण तिच्या हाताने होत नाही, आणि ते करायला मायदेशात दुसरं कोणीही नाही, हे दोन्ही पटवून द्यावं लागतं. त्याने फोन ठेवला. काकी गेली तर आपलं काय, हा विचार आला तसा त्याने तो झटकला. बाई दिवसभर ओल्या फरशीवर पडून होती, हे त्याला विसरता येत नव्हतं. तिकडे सून असेल, नातवंडं असतील, हाक मारली की कोणीतरी धावत येईल. काकीने जायलाच हवं, असं त्याने ठरवून टाकलं.

कार्तिकात तपासणीचे डॉक्टर घरी आले. त्यांनी काकीची हालत लेखी द्यायची होती. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच काकी वॉकर ओढत स्वयंपाकघरात निघाली.

"काकी, बसा तुम्ही," अनिल म्हणाला.

"गप रे. मानूस दारात आलाय, तसाच धाडू?"

आतून बिडाच्या तव्यावर पीठ ओतल्याचा आवाज आला. काकीने घावने घातले, नारळाचा रस काढला, आणि घामाघूम होऊन ओट्याला टेकत टेकत ताटली अनिलच्या हाती बाहेर पाठवली. डॉक्टर आधी नको नको म्हणाले आणि मग मागून घेऊन जेवले. अनिलने कपाळाला हात लावला. कोकणातली बाई मरणाच्या दारात असली तरी पाहुण्याला कोरड्या तोंडाने पाठवणार नाही, त्याला कोण काय करणार?

"घरातलं कोण करतं?" डॉक्टरांनी हात पुसत विचारलं.

"मीच की."

"आणि अंघोळ, औषधं, दवाखाना?"

काकीने दाराकडे बोट केलं. "हा हाय ना. आमचा अनल्या. पोटचा पोर करायचा नाय येवढा करतो."

अनिलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं त्याच्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली, कारण एवढ्या एका वाक्याने काकीचं प्रकरण बुडालं होतं.

विलायतेच्या वकिलाने कळवलं तेही तेच. शेजारी रोज सगळं करत असेल तर अर्ज टिकणार नाही.

बाबू फोनवर वैतागला. "दादा, तुझं नाव त्यात कशाला आलं? तू काय नात्यातला थोडाच आहेस? काढून टाक ना."

"मी रोज जातो, बाबू. नाही जात असं कसं लिहू?"

"मग जाऊ नकोस!" बाबू ओरडला. मग क्षणभराने म्हणाला, "सॉरी दादा. रात्रपाळी करून आलोय, काहीही बोलतोय."

पण अनिलच्या मनात ते शब्द रुतून बसले. खोटं लिहायचं नव्हतं. मग लिहायचं ते खरं करणं एवढंच हातात होतं. आणि काकीला यातलं काही सांगता येणार नव्हतं. एक तर ती पुढच्या डॉक्टरालाही सगळं सांगून मोकळी झाली असती. दुसरं म्हणजे, दोघांनी संगनमताने केलेलं न जाणं हे नुसतं नाटक, आणि नाटकाखाली तो सही करणारा नव्हता. जायचं थांबवायचं तर खरोखरच थांबवायला हवं.

त्याने मैनाला गाठलं. मैना खालच्या आळीतली. आंब्याचा हंगाम लागला की ती मिरजोळ्याला कॅनिंगला जायची, तोवर मोकळी होती. "हंगामापर्यंत काकीचं बघ," अनिल म्हणाला, "पैसे बाबू देईल." हंगाम लागला की ती नसेल, तेव्हा तेही तसंच लिहिता येईल, हे त्याने आधीच मनाशी पक्कं केलं होतं. वकील तो वकीलच.

आणि तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो गडगा ओलांडायचा थांबला.

पहिल्या संध्याकाळी ताटली नेहमीच्या जागी होती. काकीने मैनाच्या हातून ठेवली असणार. चवळीची उसळ. तो जेवला, ताटली घासली, सवयीने दोन लिंबं तिच्यात ठेवली. मग त्याच्या मनात आलं, ही लिंबं म्हणजे जाणंच झालं की. त्याने लिंबं उचलून खिशात टाकली आणि ताटली गडग्यावर रिकामीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी गडग्यावर काही नव्हतं.

त्यानंतर तो पुढच्या फाटकाने जाऊ लागला, मान खाली घालून. मैना रस्त्यात भेटली की म्हणायची, "वकीलसायब, काकी इचारतात, अनल्याला काय झालाय?" तो म्हणायचा, काम आहे. एकदा पलीकडून हाक आली, "अनल्या, घरी हायस काय?" तो घरातच होता, दिवा लावलेला होता, आणि त्याने ओ दिली नाही. नंतर हाकही आली नाही. त्या थंडीत अनिल वरण-भात करायचा आणि पातेल्यातूनच खायचा. एकटेपणाची त्याला सवय आहे असं त्याला वाटत होतं, पण ती सवय ताटलीसकट होती हे आता कळलं.

पौषात डॉक्टर पुन्हा येऊन गेले. मैनाने सांगितलं, "ह्या टायमाला काकी उठलीच नाय. च्या पन इचारलान नाय." म्हातारी खचत चालली, अनिलला वाटलं. म्हणजे तिला पाठवण्याची घाई केली ते बरंच केलं. ऑफिसात बसून त्याने स्वतःच्या हाताने टाईप केलं की शेजारी अनिल शिरधनकर पूर्वी सर्व मदत करत असत, आता ते येत नाहीत. सध्याची बाई आंब्याचा हंगाम लागेपर्यंतच आहे. वाक्यात कुठेही खोटं नव्हतं. त्याने सही केली, शिक्का मारला आणि दुपारचा डबा न उघडताच घरी नेला.

शिमग्याला पालखी काकीच्या आवाठात आली. ढोल वाजत होते, वाडीतली सगळी माणसं तिथे जमली होती, काकी खुर्चीत बसून ओटी भरत होती. दरवर्षी नारळ फोडायचं काम अनिलचं. या वेळी तो आपल्या बाजूला गडग्यापाशी उभा राहिला. काकीने मान वर करून एकदा इकडे बघितलं आणि नारळ दुसऱ्या कोणाच्या हातात दिला.

चैत्रात व्हिसा आला. बाबू न्यायला आला, त्याने अनिलला मिठी मारली, "दादा, तू नसतास तर काही झालं नसतं," म्हणाला, आणि वर घराची किल्लीही त्याच्याच हातात दिली. गाडीत बॅगा भरताना अनिल तुळशीच्या लग्नानंतर पहिल्यांदा पलीकडे गेला. गडग्यावरून नाही, रस्त्याने, पाहुण्यासारखा.

काकी पुढच्या सीटवर बसली होती. नवं पातळ, कपाळाला बुक्का. खिडकीतून तिने त्याचं मनगट धरलं.

"माझा काय चुकला रे?"

अनिल खिडकीशी वाकला.

"बाबू दर फोनला म्हणायचा, ये. मी त्याला ना हो, ना नाय. चालढकल करीत होते. तुझी रिकामी ताटली आली परत, तवा म्हटला, आता कोनासाठी ऱ्हवायचा हितं? मग त्याला सांगितला, ने बाबा."

त्याने तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं. डॉक्टर, विलायतेचा वकील, खिशात टाकलेली लिंबं. आणि घसा बंद झाला, अगदी त्या दिवशी कोर्टात झाला होता तसा. बाबू म्हणाला, "आई, विमान चुकेल हां." काकीने मनगट सोडलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि अनिल बंद दारापुढे किल्ली घेऊन उभा राहिला. मग त्याला रडू आलं. भर दुपारी, रस्त्यात, कोणी बघेल याचीही त्याला पर्वा राहिली नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका रविवारी काकीचा व्हिडिओ कॉल आला. अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला कानटोपी, मागे खिडकीत करडं आभाळ.

"बरा हाय सगळा," ती म्हणाली. "सून गुनाची हाय. न्हायला गरम पानी नळालाच येता. पोरा शाळेत जातात, ही दोघा कामावर. मी आपली खिडकीत बसते." मग मागे वळून बघितलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. "आता तरी सांग."

या वेळी घसा उघडला. समोर माणूस नव्हतं, नुसतं चित्र होतं, म्हणून असेल. अनिलने पहिल्यापासून सगळं सांगितलं, कायदा काय आणि तो का यायचा थांबला ते. "तुमच्या भल्यासाठीच केलं, काकी. खोटं लिहायचं नव्हतं मला."

काकीने कानटोपी सारखी केली.

"त्या डाक्टराला घावने कशाला घातले मी?" ती म्हणाली. "उभा ऱ्हवत नव्हता मना. पाय लटलट कापत होते. तरी म्हटला, बघूं दे त्याला, हिला कुठं न्यायची गरज नाय."

अनिलने फोन दोन्ही हातांनी धरला.

"गावभरच्या म्हाताऱ्यांना इचारतंस, जायचाय की धाडतायत. अख्खी रत्नागिरी सांगते ता." तिचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली आला होता. "मना एकदा इचारला असतास तर काय झाला असता रे?"

विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे त्याला आत कुठेतरी तेव्हाही ठाऊक होतं. आणि ते ऐकलं असतं तर आपण तिला स्वतःसाठी ठेवून घेतलं, असं आयुष्यभर वाटत राहिलं असतं. म्हणून त्याने दार लोटलं नाही, तिला समोर बसवलं नाही, तो एकच प्रश्न विचारला नाही.

तिकडे दार वाजलं, नातवंडांचा गलका आला. काकीने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवलास काय?"

चूल थंड होती. गडग्यापलीकडे तिच्या अंगणात पाचोळा पडला होता.

"जेवलो," खरे वकील म्हणाले.